आबांनी शिवी दिली नाही

आमच्या भागात माणूस अनवाणी दिसला की लोक आधी कारण विचारतात. कारण तरी काय असणार? एकतर तो देवाला काहीतरी बोललेला असतो, नाहीतर अमुक उमेदवार निवडून येईपर्यंत चप्पल घालणार नाही अशी शपथ त्यानं घेतलेली असते, नाहीतर त्याची चप्पल नुकतीच देवळाबाहेरून गेलेली असते. यातलं काहीच नसलं की लोकांना चैन पडत नाही. आबांमुळे बावड्याच्या लोकांना कित्येक वर्षं चैन नव्हतं.

आबा माझे घरमालक. मी मूळचा बारामतीचा. बावड्याच्या हायस्कूलात गणित शिकवायला लागलो तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली मला भाड्यानं मिळाली. खोली बघायला गेलो ती डिसेंबरातली सकाळ होती. पाण्याच्या पाटाकडून एक उंच गृहस्थ येताना दिसले. डोक्याला माकडटोपी, तिच्यावरून मफलर, अंगात जाड स्वेटर, स्वेटरवर जाकीट. माणूस थंडीला चांगलाच भितो असं मनात म्हणेपर्यंत माझी नजर खाली गेली. पायजमा घोट्याच्या वर दुमडलेला, आणि खाली दोन उघडे पाय, दहिवरानं ओलेचिंब, अंगठ्याला गवताची पात चिकटलेली.

मी झोपतानासुद्धा मोजे घालणारा माणूस. न राहवून विचारलं, "थंडी नाही वाजत?"

"वाजती की. म्हनून तर टोपी घातलीया."

"आणि पायांना?"

"पायांना वाजाय पायजे, सर. न्हायतर थंडी आलीया ह्ये कळायचं कसं?"

तेवढ्यात दारातून आवाज आला. "आत याचं न्हाय! आदी बादली!" त्या काकी, आबांच्या पत्नी. दाराशी पाण्याची बादली, तांब्या आणि काथ्याचं पायपुसणं हा त्यांचा जकातनाका होता. आबा दिवसातून कितीही वेळा बाहेर जावोत, पाय धुतल्याशिवाय त्यांना घरात प्रवेश नव्हता. "फरशी पुसून पुसून माझं हात झिजलं," काकी मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "पर ह्यांचं पाय काय झिजंनात." आबा मुकाट्यानं पाय धूत होते. नंतर कळलं की घरात त्यांचं फक्त या अनवाणीपणाच्या बाबतीत चालायचं आणि काकी त्यांना तेवढं चालू द्यायच्या.

लोकांचा एक ठरलेला समज होता. बिचारा गरिबीत वाढला असेल, लहानपणी चप्पल मिळाली नसेल, तीच सवय पुढे राहिली. आबांना या समजाचा फार राग यायचा. त्यांचं घराणं दोन पिढ्यांमागं मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारं. "आमच्या घरात सगळ्यांच्या पायात वहाणा. ह्या येवढ्या जाड," ते बोटांनी जाडी दाखवायचे. "कुनाच्या पायात न्हायत आसं हुयाचंच न्हाय. काट्याकुट्यातनं हिंडनारी मानसं आमी. मीच येकटा उंडगा. वहाना काढून झुडपात लपवायचो आन् बाचा मार खायाचो." म्हणजे गडी चप्पल मिळत नाही म्हणून अनवाणी नव्हता, मार खाऊन अनवाणी होता.

नोकरीत त्यांनी बूट घातले. इंदापूरच्या एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते. खाकी कपडे आणि काळे बूट हा नियम. तो त्यांनी पाळला, पण आपल्या पद्धतीनं. टेबलाच्या वर कंट्रोलर आणि टेबलाच्या खाली बूट काढून ठेवलेले. गाडी लागल्याचं माइकवर सांगताना त्यांची पावलं थंडगार शहाबादी फरशीवर टेकलेली असायची. रिटायर झाले त्या दिवशी हारतुरे झाले, आणि आबा बूट तिथंच टेबलाखाली ठेवून गाडीत बसले. एका कंडक्टरनं बूट विसरले म्हणून पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी घरी आणून दिले. ते त्यांनी त्यालाच देऊन टाकले.

"पण का, आबा?" हे मीही विचारलंच. गावात राहायचं म्हणजे हा प्रश्न विचारावाच लागतो.

"आवडतं."

"नुसतं आवडतं म्हणून?"

"मंग? तुमाला चा आवडतो. मी कदी इचारलं का, का पिता म्हनून?"

याच्यापुढे त्यांनी कधीही काही सांगितलं नाही. पायाला माती लागली की अमुक रोग बरा होतो, तमुक ऊर्जा मिळते, असलं एक वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा एकदा त्यांच्यासाठी भारी बूट घेऊन आला. घातले तरी अनवाणी चालल्यासारखंच वाटतं म्हणे. आबांनी ते हातात घेऊन उलटसुलट केले, वास घेतला आणि विचारलं, "अनवानी चालल्यासारकं वाटाय पायजे, तर ह्ये घालायचं कशाला?" मुलानं बूट परत खोक्यात भरले.

आवड म्हणजे किती बारीक असावी! थंडीच्या दिवसांत पाटाच्या कडेला म्हशी बांधलेल्या असायच्या. म्हैस उठली की ती बसली होती तेवढी जमीन काही वेळ उबदार राहते. आबा फिरताना नेमके अशा जागी जाऊन उभे राहायचे. डोळे मिटलेले, हात मागे बांधलेले, चेहऱ्यावर असा भाव की मंगल कार्यालयात जिलबीची दुसरी फेरी आली असावी. "या सर, हितं या. चपला काढा. आत्ता उठलीया." मी लांबूनच नको म्हणायचो. म्हैस बसली होती त्या जागी आणखीही बरंच काही असतं, हे मला दिसत होतं.

आता त्या निवडणुकीची गोष्ट. ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि एका पॅनेलनं सगळ्या जागा मारल्या. गुलाल उधळत, हलगी वाजवत मिरवणूक निघाली आणि ती थेट आमच्या दाराशी येऊन थांबली. पुढे नवे सरपंच, त्यांच्या मागे एक कार्यकर्ता, त्याच्या हातात ताट आणि ताटात करकरीत कोल्हापुरी चप्पल, तिला हार घातलेला. आमच्याकडे ही रीतच आहे. नेत्यासाठी कुणी चप्पल सोडली असली तर नेता निवडून आल्यावर स्वतःच्या हातानं त्याच्या पायात चप्पल घालतो, फोटो निघतो, टाळ्या वाजतात. आबांनी चप्पल कुणासाठी सोडली हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, तेव्हा ती आपल्यासाठीच सोडली असणार असं पॅनेलनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

सरपंच खाली बसले. त्यांनी आबांचा पाय धरला. हलगीवाला टिपेला गेला.

"आरं, काय करतुयास?" आबा म्हणाले.

"आबा, तुमची शपथ पुरी झाली. आता घाला."

"कसली शपथ? बाबा, मी तर तुला मत बी दिल्यालं न्हाय!"

हलगी थांबली. काकींनी तोंडाला पदर लावला. सरपंचांना उठवेना आणि बसवेना. शेवटी आबांनीच त्यांना हाताला धरून उठवलं, चहा पाजला, आणि ताटातली चप्पल त्यांच्याच पायाला होते का ती घालून बघायला लावली. ती बरोबर बसली. सरपंच पाच वर्षं तीच चप्पल घालून ग्रामपंचायतीत जात होते आणि आबांना रस्त्यात रामराम घालत होते. आपल्याला मत न दिलेल्या माणसाचा इतका आदर करणारा सरपंच मी दुसरा पाहिला नाही.

आबांची दुपारची बैठक बाजारपेठेत भाईंच्या दुकानात असायची. आता हे कुणाला खरं वाटणार नाही, पण भाईंचं दुकान चपलांचं होतं. भाईंच्या वडिलांपासूनचं दुकान, आणि आबा नि भाई शाळेपासूनचे दोस्त. चारी भिंतींना चपला, बूट, सँडल लटकलेले आणि मधोमध स्टुलावर हा अनवाणी माणूस पेपर वाचत बसलेला. "गिऱ्हाइकाला वाटतं, ह्येच्याच पायात न्हाय तर आपन कशाला घ्याची?" भाई माझ्याकडे तक्रार करायचे. "पर येक दिस ह्येच्या पायात घालनार, सर. माझ्या हातानं घालनार. त्या दिशी आख्ख्या पेठंला पेढं."

आणि हेच भाई मे महिन्यात रोज बारा वाजले की दुकानाच्या पायरीवर गोणपाट भिजवून टाकायचे. आबांसाठी. कारण घरापासून पेठेपर्यंतचा रस्ता डांबरी, आणि आबा काही साधुसंत नव्हते. त्यांना चटके बसायचे. सावली धरून, एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत, उन्हाला, डांबराला आणि रस्ता करणाऱ्याला मोठ्यानं शिव्या देत ते यायचे. "तुज्या आयला तुज्या!" हे वाक्य वडाच्या वळणावर ऐकू आलं की भाई मान वर न करता म्हणायचे, "आली सवारी." मग आबा शेवटची उडी गोणपाटावर मारायचे, आणि त्यांच्या तोंडून जो "हाऽऽ" निघायचा तो ऐकून उसाचा रस पिणाऱ्याला आपला रस फिका वाटावा.

"येवढा चटका बसतो तर चप्पल घाला की," मी म्हणायचो.

"चटका बसला की शिवी द्याची. चप्पल कशाला?"

काटा मोडला तरी हाच नियम. आधी शिवी, मग खिशातली सुई. सदऱ्याच्या वरच्या खिशात एक सुई ते दोरा गुंडाळून कायम ठेवायचे.

असाच एक मे महिना आला. शाळेला सुट्टी होती, मी भाईंच्या दुकानात रिकामा बसलो होतो. ऊन असं की समोरच्या टपरीवरचं कुत्रंही सावलीतून हलेना. आणि वडाच्या वळणावरून आबा आले. सावकाश, रस्त्याच्या मधून, हात मागे बांधून. उडी नाही, शिवी नाही. रसवंतीवरची माणसं बघतच राहिली. एका म्हाताऱ्यानं चक्क हात जोडले. "आबा, तपश्चर्या फळाला आली बगा," कुणीतरी म्हणालं. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. वाटलं, इतकी वर्षं चालून चालून या माणसानं खरंच काहीतरी मिळवलं.

आबा पायरी चढले. गोणपाटावर पाय पडला तरी "हा" नाही. स्टुलावर बसून पेपर उघडला.

भाईंनी हातातला बूट खाली ठेवला. ते आबांकडे बघत होते. "शिवी न्हाय दिली तू," ते म्हणाले.

"आँ?"

"आज शिवी न्हाय दिली. का रं?"

"आज काय तापल्यालं न्हाय येवढं," आबा म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. भाई उठले, बाहेर गेले, वाकून डांबराला हात लावला आणि चटकन मागे घेतला. आत येऊन ते आबांच्या पायांकडे बघत बसले. त्या दिवशी आख्ख्या पेठेत घाबरलेला तो एकच माणूस होता.

पुढच्याच आठवड्यात काकींनी हाक मारली तशी मी माडीवरून धावत खाली आलो. आबा नेहमीप्रमाणे पाय धुऊन आत आले होते आणि कपाटापर्यंत, तिथून खिडकीपर्यंत, तिथून खुर्चीपर्यंत फरशीवर लाल पावलं उमटली होती. आबा खुर्चीत आरामात बसून चष्मा पुसत होते. "काय झालं वरडाय?" त्यांनी विचारलं. काकींनी त्यांचा पाय उचलून बघितला. काचेचा चांगला मोठा तुकडा आत रुतला होता. बाभळीचा काटा मोडला तर तो कुठल्या बांधावरचा हे सांगणाऱ्या माणसाला काचेचा पत्ता नव्हता.

मी आबांना आणि काकींना गाडी करून बारामतीला घेऊन गेलो. साखरेचा आजार त्यांना बऱ्याच वर्षांपासून होता, गोळ्या आठवण झाली की घ्यायचे. डॉक्टरांनी जखम साफ केली, पट्टी बांधली. मग दुसरा पाय पुढे घ्यायला लावला. "आबा, डोळे मिटा. मी तळव्याला बारीक दोरा लावतो. लागला की 'हो' म्हणायचं."

आबांनी डोळे मिटले. म्हशीच्या जागेवर उभे राहायचे तसेच. डॉक्टरांनी दोरा अंगठ्याला टेकवला. मग चवड्याला. मग टाचेला. परत अंगठ्याला. काकींनी माझं मनगट धरलं होतं, ते त्या घट्ट घट्ट आवळत होत्या.

थोड्या वेळानं आबा डोळे मिटूनच म्हणाले, "लावा की, डॉक्टर."

डॉक्टरांनी दोरा खाली ठेवला.

परत येताना काटेवाडी मागे पडली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पायातलं कळणं गेलं आहे, आता घरातसुद्धा अनवाणी नको, एका जखमेत पाय जाईल. काकींना एकच भीती होती, आणि ती मलाही होती. हा माणूस ऐकायचा नाही. ज्यानं बापाचा मार खाऊन वहाणा टाकल्या, निवडून आलेल्या सरपंचाला परत पाठवलं, तो डॉक्टरच्या सांगण्यावरून बूट घालील? काकी अखेर रडायलाच लागल्या. "तुमी ऐकनार न्हाय. मला ठावं हाय. पाय कापून घ्याल पर ऐकनार न्हाय."

आबा खिडकीतून उसाकडे बघत होते. "सर," ते म्हणाले, "गाडी पेठंत घ्या. भाईच्या दुकानाला."

दुकानात त्यांना मी आणि भाईंनी दोन्ही बाजूंनी धरून स्टुलावर बसवलं. आबा म्हणाले, "माप घे."

भाई हसले नाहीत. पेढ्यांची आठवण कुणी काढली नाही. ते खाली बसले, आबांचा बरा पाय त्यांनी मांडीवर घेतला आणि तसेच बसून राहिले. "म्या आसं म्हनलं नव्हतं रं," ते डोळे पुसत म्हणाले. "ह्ये आसं घालायचं म्हनलं नव्हतं."

"आरं, रडतुयास काय," आबा म्हणाले. "कळत हुतं तवर चाललो. आता कळंना झालंय. मंग अनवानी फिरून काय लोकांला दाखवायचंय व्हय?"

मी आबांना इतकी वर्षं मानत होतो ते त्यांच्या हट्टासाठी, असा माझा समज होता. त्या दिवशी कळलं की तो हट्ट नव्हताच. हट्टी माणसाला इतक्या सहज सोडता येत नाही. त्यांना एक गोष्ट मनापासून आवडत होती, ती त्यांनी कुणालाही न विचारता केली, आणि ती संपली तेव्हा तिचं सोंग केलं नाही. एवढं स्वच्छ मला माझ्या आयुष्यात काही करता आलेलं नाही.

भाईंनी पुण्याहून मऊ तळाचे बूट मागवले, घरात घालायला वेगळी चप्पल दिली. गाव मात्र हिरमुसलं. इतक्या वर्षांत न मिळालेलं कारण आता तरी मिळेल म्हणून लोक विचारू लागले, "काय आबा, नवस फिटला का?" जन्मभर 'न्हाय' म्हणणारे आबा आता म्हणायचे, "व्हय, फिटला." लोकांना एकदाचं चैन पडलं.

पुढे माझी बदली बारामतीच्या शाळेत झाली. गेल्या डिसेंबरात मुक्कामाला बावड्याला गेलो होतो. दाराशी बादली होती, पण कोरडी. "आता कोन पाय धुतंय," काकी म्हणाल्या. "फरशी निर्मळ आसती दिवसभर. मला मेलीला तेच बगवत न्हाय."

सकाळी आबा फिरायला निघाले. माकडटोपी, मफलर, स्वेटर, जाकीट सगळं तेच, खाली काळे बूट. मी बरोबर होतो. पाटाच्या कडेला एक म्हैस नुकतीच उठून शेपूट हलवत उभी होती. आबा थांबले. जमिनीकडे बघत राहिले.

"सर, येक सांगू का? जरा बूट काढता?"

मी बूट काढले. मोजेही काढले. दहिवरात पाय ठेवला आणि कळ थेट डोक्यात गेली.

"कसं हाय?"

"गार."

"गार तर फ्रीज बी आसतो. नीट सांगा."

मी नीट सांगायला लागलो. वरचं गवत ओलं आहे, खालची माती घट्ट आहे, टाचेखाली चिखल आहे, तो गवतापेक्षा कमी गार आहे. मग मी म्हैस बसली होती त्या जागेवर गेलो. तिथं आणखी जे काही होतं त्यातही पाय पडला. ऊब हळूहळू पोटऱ्यांपर्यंत चढली.

"आहे, आबा. ऊब आहे."

त्यांनी डोळे मिटले. हात मागे बांधले. "आत्ताच उठलीया," ते म्हणाले. आम्ही दोघे तसेच उभे राहिलो. "अजून हाय का?" ते मधूनमधून विचारायचे आणि मी "आहे" म्हणायचो.

"आता खोटं बोलताय," ते शेवटी डोळे उघडून म्हणाले. "येवढा येळ टिकत न्हाय ती. चला."

मी बूट हातात घेऊन त्यांच्या मागे निघालो, आणि चार पावलांवर माझ्या तळव्यात सराट्याचा काटा घुसला. मी शिक्षक आहे, वर्गात मुलांना नीट बोलायला सांगतो. पण माझ्या तोंडून जे निघालं ते पाटाच्या पलीकडच्या उसापर्यंत गेलं. "तुज्या आयला तुज्या!"

आबा गर्रकन वळले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी दुखणं विसरून बघतच राहिलो. "हां!" ते म्हणाले. "आता कसं!" आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी मला पाटाच्या कठड्यावर बसवलं. सदऱ्याच्या वरच्या खिशातून दोरा गुंडाळलेली सुई काढली. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, माझा चिखलानं, शेणानं भरलेला पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तळव्याला सुई टेकवली.

"लागतंय का?"

"लागतंय, आबा."

"मंग बरं हाय," ते म्हणाले आणि काटा काढू लागले.